खासगी गाडी आणि ड्रायव्हर घेऊन नुवारा एलिया : दोन मुक्कामांचं सविस्तर नियोजन

श्रीलंकेच्या मधल्या डोंगरांत, साधारण १८६८ मीटर उंचीवर नुवारा एलिया वसलेलं आहे. म्हणजे महाबळेश्वरपेक्षा चारशे मीटरहून जास्त उंच. कोलंबोत घामाने अंग चिकट झालेलं असतं आणि त्याच देशात इथे रात्री जाड ब्लँकेट लागतं. ब्रिटिशांना हे ठिकाण आवडलं ते याच हवेमुळे. त्यांनी इथे बंगले, चर्च, क्लब, गोल्फचं मैदान, घोड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक आणि तळं असं सगळं उभं केलं. त्यातलं बरंच आजही वापरात आहे.

हे गाव बघायला ड्रायव्हरसह गाडी ठरवणं मला सगळ्यात योग्य वाटतं. रेल्वे थेट गावात येत नाही. जवळचं स्टेशन नानू ओया आठ-नऊ किलोमीटरवर आहे. चहाचे कारखाने, हकगलाची बाग, सीतेचं मंदिर आणि हॉर्टन प्लेन्स वेगवेगळ्या दिशांना आहेत. बसने फिरता येतं, पण आई-वडील किंवा लहान मुलं बरोबर असली की अर्धा दिवस वाट बघण्यात जातो. स्वतः गाडी चालवायची म्हटलं, तर नुसत्या भारतीय परवान्यावर चालत नाही, स्थानिक परवानगी काढावी लागते. शिवाय घाट नवा आणि धुकं दाट. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असली, तरी तो ताण सुट्टीत कशाला घ्यायचा?

मात्र ड्रायव्हर ठरवला म्हणजे सगळं आपोआप जमेल, असं नाही. डोंगरातली सहल ड्रायव्हरच्या झोपेवर, त्याच्या जेवणावर आणि त्याच्याशी आधी झालेल्या स्पष्ट बोलण्यावर उभी असते. म्हणून सुरुवात तिथूनच.

गाडी ठरवताना

श्रीलंकेत दोन प्रकारचे ड्रायव्हर भेटतात. एक साधा ड्रायव्हर, जो गाडी चालवतो आणि ठिकाणावर सोडतो. दुसरा शोफर-गाइड. त्याच्याकडे पर्यटन विकास प्राधिकरणाचा परवाना असतो, तो इतिहासही सांगतो आणि अर्थातच त्याचे पैसे जास्त असतात. फक्त नुवारा एलियाला जायचं असेल, तर शांतपणे गाडी चालवणारा साधा ड्रायव्हर पुरतो. सिगिरिया, अनुराधापुरासकट सगळा देश फिरायचा असेल, तर शोफर-गाइड घ्यावा. तो परवाना असल्याचं सांगत असेल, तर ओळखपत्राचा फोटो आधी मागून घ्यावा. मागण्यात काही गैर नाही.

गाडीच्या बाबतीत माणसांइतकंच सामान मोजा. चौघं आणि चार मोठ्या बॅगा छोट्या हॅचबॅकमध्ये मावत नाहीत, आणि डिकीत न मावलेली बॅग मांडीवर घेऊन तीन तासांचा घाट चढणं फार त्रासाचं होतं. चौघांच्या पुढे संख्या गेली, की तिथे सर्रास मिळणारी टोयोटाची केडीएच व्हॅन घ्यावी. मागच्या सीटवर पट्टे आहेत का, हे विचारून घ्या.

मग व्हॉट्सअॅपवर सगळं लिहून घ्यायचं. तोंडी नको. ठरलेल्या रकमेत इंधन, पार्किंग आणि टोल आहे का? दिवसाला किती किलोमीटर धरलेत, आणि त्यावर गेलं तर काय दर? ड्रायव्हरचं जेवण आणि मुक्काम कोणाकडे? रक्कम डॉलरमध्ये की श्रीलंकन रुपयांत, आणि डॉलरमध्ये असेल तर कोणत्या दिवसाच्या दराने? गाडी बंद पडली तर दुसरी गाडी कोण देणार? या पाच प्रश्नांची लेखी उत्तरं आली, की शेवटच्या दिवशी वाद होत नाहीत. पूर्ण पैसे आगाऊ मागणाऱ्याला नकार द्यावा. थोडा अॅडव्हान्स आणि बाकी टप्प्याटप्प्याने, हे योग्य.

ड्रायव्हर कुठे झोपणार, हा प्रश्न बहुतेक प्रवासी विचारतच नाहीत. तिथल्या बऱ्याच हॉटेलांत ड्रायव्हरसाठी वेगळी खोली आणि जेवण असतं. छोट्या गेस्ट हाउसमध्ये किंवा घरगुती मुक्कामात ती सोय नसते, आणि मग माणूस गाडीतच झोपतो. नुवारा एलियात रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, जानेवारी-फेब्रुवारीत कधी कधी गवतावर दहिवर गोठतं. अशा थंडीत रात्रभर गाडीत कुडकुडलेला माणूस पहाटे पाचला तुम्हाला हॉर्टन प्लेन्सच्या वळणांवरून नेणार असतो. त्यामुळे हॉटेल बुक करतानाच ईमेलने विचारा: ड्रायव्हरची खोली आहे का? नसेल, तर जवळच्या साध्या लॉजचे पैसे आपण द्यावेत. मला हा खर्च सुरक्षिततेचा वाटतो.

शेवटचं बोलणं दुकानांविषयी. कॅंडीच्या वाटेवर मसाल्यांच्या बागा आणि रत्नांची दुकानं लागतात, तिथे गिऱ्हाईक आणल्याबद्दल ड्रायव्हरला कमिशन मिळतं. जायचं नसेल तर पहिल्याच दिवशी, हसतमुखाने पण स्पष्ट सांगा. वयाने मोठ्या ड्रायव्हरला ‘अय्या’ म्हणजे दादा आणि लहानाला ‘मल्ली’ म्हणजे धाकटा भाऊ म्हणण्याची तिथे पद्धत आहे. या एका शब्दाने बोलणं सोपं होतं. तो तमीळ असेल, तर ‘अण्णा’ आणि ‘तंबी’. गावाचा उच्चार ते भराभर ‘नुरेलिया’ असा करतात, तेव्हा गोंधळू नका.

कधी जायचं

जानेवारी ते मार्च हा सगळ्यात भरवशाचा काळ. एप्रिलमध्ये सिंहली-तमीळ नववर्षाच्या सुमारास, म्हणजे १३-१४ एप्रिलच्या आसपास, इथला ‘सीझन’ असतो. फुलांचं प्रदर्शन, घोड्यांच्या शर्यती, जत्रा. वातावरण छान असतं, पण खोल्यांचे दर चढतात आणि तळ्याकाठचा रस्ता गाड्यांनी तुंबतो. मी आई-वडिलांना घेऊन एप्रिलमध्ये जाणार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस आणि दरडींचा धोका मोठा. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या दित्वा चक्रीवादळाने याच डोंगरी भागाला फार मोठा तडाखा दिला, रस्ते आणि रेल्वेमार्ग उखडले. म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यात हॉटेलला आणि ड्रायव्हरला, दोघांनाही वेगवेगळं विचारा की कोणता घाट चालू आहे आणि रेल्वे कुठपर्यंत धावते आहे.

पौर्णिमेला तिथे ‘पोया’ची सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी दारू विकली जात नाही आणि देवळांच्या रस्त्यांवर गर्दी असते. तारखा ठरवताना पंचांग बघून घ्या.

भारतीयांना निघण्याआधी ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास-परवाना, काढावा लागतो, तो फक्त सरकारी संकेतस्थळावरून काढा. मुंबईहून कोलंबोचं थेट विमान अडीच तासांच्या आसपास घेतं आणि घड्याळ बदलावं लागत नाही.

पहिला टप्पा : विमानतळ ते कॅंडी

विमानतळ कातुनायकेला आहे. तिथून नुवारा एलिया दीडशेहून अधिक किलोमीटर. आकडा बघून एका दिवसात गाठण्याचा मोह होतो, पण श्रीलंकेच्या डोंगरात ताशी पंचवीस-तीस किलोमीटरचाच हिशेब धरावा. शिवाय पहाटेच्या विमानासाठी ड्रायव्हर रात्रीपासून जागा असतो. पहिल्या दिवशी कॅंडीत थांबा. दळदा मालिगावा, म्हणजे बुद्धाच्या दंतधातूचं मंदिर, संध्याकाळच्या पूजेला बघा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि मूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, हे मुलांनाही सांगून ठेवा.

दुसरा टप्पा : रंबोडा घाटाने वर

कॅंडीहून सकाळी आठला निघा. गंपोला, पुसेल्लावा, रंबोडा, लबुकेली असा हा ए-५ रस्ता, सुमारे ७५ ते ८० किलोमीटर. न थांबता तीन तास, पण न थांबता जाऊ नका. गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी, घाट सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. त्यांना पुढच्या सीटवर बसवा.

रंबोड्याला १०९ मीटर उंचीचा धबधबा आहे. जवळच्या टेकडीवर चिन्मय मिशनने उभारलेलं हनुमानाचं मंदिर आहे, तिथून कोत्मलेच्या धरणाचं पाणी दिसतं. मारुतीचं दर्शन, चहा, पाय मोकळे करणं हे सगळं एका थांब्यात होतं.

पुढे लबुकेलीचा मळा. आधी मॅकवुड्सचा म्हणून प्रसिद्ध होता, आता डॅम्रोच्या मालकीचा आहे. कारखाना आतून दाखवतात: पानं कोमेजवणं, मळणं, हवेत आंबू देणं, भट्टीत सुकवणं, चाळून प्रती वेगळ्या करणं. रविवारी किंवा सणाच्या दिवशी तोडणी नसली की यंत्रं बंद असतात, म्हणून वार बघून जा.

चहा विकत घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. नुवारा एलियाचा उंचावरचा चहा फिका आणि सुवासिक असतो, दुधाशिवाय प्यायचा. आपल्या आलं-दुधाच्या उकळत्या चहात तो हरवून जातो. घरच्या चहासाठी हवा असेल, तर बारीक दाण्याची बीओपीएफ किंवा डस्ट प्रत मागा, शक्यतो दक्षिणेकडच्या सखल रुहुना भागातली. एक पुडा बिनदुधाचा, एक दुधाचा, असे दोन घेतले की दोन्ही सार्थकी लागतात.

या मळ्यांमागचा इतिहास माहीत असावा. इथे आधी कॉफी होती. १८६९ पासून पानांवर तांबेरा पडला आणि पुढच्या काही वर्षांत कॉफीचे मळे बसले. जेम्स टेलर या स्कॉटिश माणसाने १८६७ मध्येच कॅंडीजवळ लूलकोंदेराला चहाची लागवड केली होती, ती वाट मग सगळ्यांनी धरली. पानं खुडायला दक्षिण भारतातून तमीळ मजूर आणले गेले. देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ च्या कायद्याने त्यांतल्या बहुसंख्यांना नागरिकत्वच नाकारलं गेलं. १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला आणि ५ लाख २५ हजार माणसांना भारताने घ्यावं, ३ लाखांना श्रीलंकेने ठेवावं असं ठरलं. रस्त्याकडेच्या उतारावर टोपली घेऊन पानं खुडणाऱ्या बायका त्याच कुटुंबांच्या लेकी-नाती आहेत. गाडी थांबवून खिडकीतून फोटो काढू नका. उतरा, विचारा, दोन शब्द बोला, मग काढा. ड्रायव्हर तमीळ असेल तर तो बोलणं करून देतो, आणि त्या दहा मिनिटांत बरंच काही ऐकायला मिळतं.

दुपारी दोनच्या सुमारास गावात पोचाल. सामान उतरवा आणि ड्रायव्हरला मोकळं करा. उद्या पहाटे निघायचं आहे, हे सांगून त्याला झोपू द्या.

गाव पायी बघायचं

जुनं गाव छोटं आहे, गाडीची गरजच नाही. ऊन असो वा नसो, स्वेटर आणि छत्री बरोबर ठेवा.

पोस्टापासून सुरुवात करा. १८९४ ची लाल विटांची इमारत, वर घड्याळाचा मनोरा, आणि आत अजून पोस्टाचं नेहमीचं काम चालतं. इथून घरी एक पत्र टाका. समोरच व्हिक्टोरिया पार्क आहे, राणीच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली तेव्हा, १८९७ मध्ये, तिचं नाव दिलेलं. पक्षी बघणाऱ्यांनी इथे सकाळचा एक तास राखून ठेवावा. काश्मीरमध्ये घरटी करणारा छोटा काश्मिरी माशीमार हिवाळ्यात थेट इथे उतरतो. आपला नवरंगही दिसतो.

तिथून चालत ग्रँड हॉटेल. याचा मूळ गाभा म्हणजे गव्हर्नर एडवर्ड बार्न्स यांचा बंगला, बार्न्स हॉल. मुक्काम महाग वाटला तरी हिरवळीवर दुपारचा चहा घेता येतो. शेजारी हिल क्लब, १८७६ चा, दगडी भिंतींचा. युरोपीय मळेवाल्यांचा हा क्लब आता पाहुण्यांना तात्पुरतं सदस्यत्व देऊन आत घेतो. रात्रीच्या जेवणाला कोट-टायचा नियम अजून पाळतात, त्यामुळे तिथे जेवायचं असेल तर आधी विचारून घ्या. १८८९ पासूनचं गोल्फ मैदान गावाच्या मधोमध पसरलेलं आहे. त्या परिसरात मेजर थॉमस रॉजर्स याची कबर आहे. त्याने चौदाशेच्या वर हत्ती मारले असं सांगतात. १८४५ मध्ये हपुतळेला वीज पडून तो मेला. या डोंगरांतून हत्ती का नाहीसे झाले, हे त्या दगडापाशी उभं राहिलं की कळतं.

गाव वसवण्याचं श्रेय सॅम्युएल बेकर यांना दिलं जातं. हेच पुढे आफ्रिकेतल्या आल्बर्ट सरोवरापर्यंत पोचले. १८४६ च्या सुमारास आजारातून बरं व्हायला ते इथे आले, हवा मानवली, आणि दोन वर्षांनी गुरं, बियाणं, कारागीर असा सगळा संसार जहाजाने आणून त्यांनी इंग्लंडसारखं खेडं वसवायला घेतलं. आज घाटात जिकडेतिकडे लीक, गाजर, बीट आणि कोबीचे ढीग दिसतात, ती भाजीपाल्याची परंपरा त्या काळापासूनची.

संध्याकाळी ग्रेगरी तळ्याला फेरी मारा. गव्हर्नर विल्यम ग्रेगरी यांनी १८७३ मध्ये ते बांधून घेतलं. बोटी, घोडे, मक्याची कणसं, गर्दी. तासाभरात उरकेल.

शाकाहारी मंडळींनी जेवताना जपायला हवं. वाटणातल्या खोबऱ्याच्या चटणीत, म्हणजे पोळ संबोलात, आणि बऱ्याचदा भाजीच्या रश्श्यातही ‘उंबलकड’ नावाचा सुकवलेला मालदीवचा मासा चुरून घालतात. ‘व्हेजिटेबल करी’ म्हटलं तरी तो असू शकतो. त्यामुळे ‘उंबलकड नको’ हे ड्रायव्हरकडून सिंहलीत लिहून घेऊन फोनमध्ये ठेवा. गावातल्या तमीळ शाकाहारी खानावळीत ही चिंता नसते, डोसा-इडली-भात सगळं मिळतं.

हॉर्टन प्लेन्स : पहाटेचा दिवस

हे राष्ट्रीय उद्यान २१०० मीटरच्या वर, नुवारा एलियाहून साधारण तीस किलोमीटर. हे सगळं बघायचं ते ‘वर्ल्ड्स एंड’साठी. तिथे पठार एकदम संपतं आणि समोर सुमारे ८८० मीटरचा सरळ कडा उतरतो. हवा स्वच्छ असेल, तर दक्षिणेचा सखल प्रदेश दूरवर दिसतो. पण नऊ-दहा वाजता ढग वर येतात आणि पांढऱ्या पडद्याशिवाय काही दिसत नाही. म्हणून हॉटेलातून पहाटे पाचला निघायचं.

रात्रीच हॉटेलला डबा सांगून ठेवा, ड्रायव्हरचाही. डबा कागदात बांधायला सांगा, कारण फाटकावर बॅगा तपासतात आणि प्लास्टिकची वेष्टणं काढून ठेवायला लावतात. पासपोर्ट बरोबर हवा. श्रीलंकेत काही ठिकाणी सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत मिळते, तेव्हा प्रत्येक खिडकीवर विचारा.

फेरी नऊ-साडेनऊ किलोमीटरची, तीन ते चार तासांची. वाट फार चढाची नाही, पण दगड ओले असतात. चपला चालणार नाहीत, पकड असलेले बूट हवेत. आधी वर्ल्ड्स एंड करा, बेकर्स फॉल हा धबधबा परतताना. कड्यापाशी मुलांचा हात सोडू नका. वाहनतळाजवळ सांबरं माणसांजवळ येतात, त्यांना बिस्किटं घालू नका. गुडघे दुखणाऱ्यांनी हा दिवस सोडावा आणि त्याऐवजी गावापासून तीन-चार किलोमीटरवरचा पेड्रो मळा निवांत बघावा. त्यात काही गमावलं असं वाटून घेऊ नये.

अकरा-बारापर्यंत परत या. सगळ्यांनी झोपा, ड्रायव्हरनेही. दुपारी तीननंतर बडुल्ला रस्त्यावर पाचेक किलोमीटरवरच्या सीता एलियाला निघा. इथे ओढ्याकाठी सीता अम्मन मंदिर आहे. अशोकवनात सीतेला ठेवलं ते हेच ठिकाण अशी श्रद्धा आहे, आणि ओढ्याच्या खडकातले खळगे हनुमानाची पावलं म्हणून दाखवतात. तसंच पुढे गेलं की हकगलाची बाग. १८६१ मध्ये ब्रिटिशांनी मलेरियावरच्या औषधासाठी सिंकोनाची लागवड इथे सुरू केली. आता गुलाब, नेचे आणि उंच झाडं. बाग उतारावर आहे, आजी-आजोबांना वरच्या भागातच बाकावर बसवा.

उतरताना

तिसऱ्या सकाळी एल्ला या डोंगरातल्या गावाकडे जायचं असेल, तर नानू ओयाहून रेल्वे घ्या आणि सामान गाडीतून पाठवा. या मार्गावर पट्टिपोला हे १८९१ मीटरवरचं, देशातलं सगळ्यात उंच स्टेशन लागतं. अडीच-तीन तासांत एल्ला. ड्रायव्हर रस्त्याने जाऊन स्टेशनवर थांबतो. पासपोर्ट, पैसे आणि औषधं मात्र स्वतःजवळ ठेवा. आरक्षण लवकर संपतं, म्हणून तारखा ठरल्या की लगेच बघा. दारात लटकून फोटो काढणाऱ्यांचे अपघात या मार्गावर झालेले आहेत, मुलांना सीटवरच बसवा.

गाडीनेच कॅंडीकडे किंवा कोलंबोकडे उतरणार असाल, तर दुपारी दोनच्या आधी निघा, संध्याकाळी घाटात धुकं आणि पाऊस दोन्ही येतं. ड्रायव्हर उतारावर लहान गिअरमध्ये गाडी ठेवतोय का, की सतत ब्रेक दाबतोय, हे बघा. ब्रेकचा जळका वास आला, तर गाडी थांबवायला सांगा आणि अर्धा तास चहा प्या. त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. जांभया यायला लागल्या तरी तेच. आणि विमानाची वेळ गाठायला त्याला पळवू नका. उतरण्याच्या दिवशी रात्री उशिराचंच विमान ठेवा किंवा विमानतळाजवळच्या नेगोंबोत एक मुक्काम करा.

हिशेब विमानतळाच्या गर्दीत करू नका, आदल्या रात्री लेखी ठरलेल्या मजकुरासमोर बसून करा. काम चांगलं झालं असेल, तर एकूण भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास बक्षीस द्यावं, आणि ते कंपनीकडे नाही, थेट ड्रायव्हरच्या हातात, श्रीलंकन रुपयांत. गाडी कंपनीमार्फत घेतली असेल, तर त्याचं नाव घेऊन कंपनीला दोन ओळी कळवा. पुढचं काम त्याला त्यावरून मिळतं.